शिलाईकाकू उभ्या का राहिल्या

शिलाईकाकूंना रिकाम्या हातांनी बसता येत नाही. दवाखान्यात नंबर येईपर्यंत त्या कुणाच्या तरी पँटची खालची पट्टी शिवून मोकळ्या होतात, आणि डॉक्टरांनी "काय होतंय?" विचारलं की आधी दातांनी दोरा तोडतात, मग सांगतात. डाव्या बाहीच्या दुमडीत टाचण्यांची रांग कायम खोचलेली. "हिच्या शेजारी बसायचं तर आधी लोहचुंबक फिरवून घ्यावं लागतं," असं त्यांचे यजमान म्हणतात. ते शहराची बस चालवतात आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत तयार असतं. काकूंचं तसं नाही, आणि सगळी भानगड त्यातूनच झाली.

काकूंचं दुकान म्हणजे चावीवाला आणि फोटो स्टुडिओ यांच्या मधे चिमटून बसलेली एक अरुंद खोली. आत एक मशीन, एक आरसा आणि एक मुंडकं नसलेला लाकडी पुतळा. पुतळ्याच्या एका खांद्यावर काकूंची छत्री आणि दुसऱ्यावर गिऱ्हाइकांचे विसरलेले मफलर. माप द्यायला आलेला माणूस हात पसरून आरशासमोर उभा राहिला की त्याला बोलायची लहर येतेच. सासूबद्दल, साहेबाबद्दल, रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल. काकूंच्या ओठांत तेव्हा टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे त्या नुसतं "हं" करायच्या. बोलणारा खूश होऊन जायचा, की चला, आपलं पटणारं एक माणूस तरी आहे. असं करत करत सगळ्या वॉर्डाला काकूंचं आपल्याशी पटतं असं वाटायला लागलं. निवडणुकीच्या वेळी कुणीतरी गंमत म्हणून त्यांचं नाव पुढे केलं आणि काकू निवडून आल्या. पडलेले दोन्ही उमेदवार त्यांचीच गिऱ्हाइकं होती. काकूंनी स्वतःचं मत आपल्यालाच दिलं असणार, अशी त्या दोघांची आजही खात्री आहे.

महापालिकेच्या सभागृहात काकूंना जागा मिळाली शेवटून दुसऱ्या बाकावर, पोस्टमास्तरांच्या शेजारी. मास्तर खरोखरीचे पोस्टमास्तर, निवृत्त होऊन जमाना झालेला, पण अजूनही कागद दिसला की त्यावर शिक्का मारल्यासारखी मूठ आपटायची सवय. वॉर्डात त्यांचा मान मोठा होता. आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. म्हणजे समोरासमोर, तोंडाकडे बघत, मोठ्यानं बोललं तर येई, पण सभागृहातलं भाषण म्हणजे त्यांच्या लेखी माशांची गुणगुण. कानाचं यंत्र होतं, पण सभागृहातला माइक सुरू झाला की ते शिट्टी वाजवायचं, म्हणून ते घरी कपाटात पडलेलं असे. ही गोष्ट मास्तरांनी कुणाला सांगितली नव्हती. बहिऱ्या माणसाला कोण परत निवडून देणार?

काकूंच्या हे पहिल्या महिन्यातच लक्षात आलं. त्या सभागृहात मत द्यायची रीत सोपी होती. ठरावाच्या बाजूचे उभे राहतात, विरोधातले बसून राहतात, सचिव पेन्सिल घेऊन बाकांमधून मोजत जातात आणि महापौर घंटा वाजवतात. घंटेनंतर बदल नाही. तिसरी सोयही नाही. मास्तर नेहमी सगळ्यांच्या मागून, इकडेतिकडे बघत उठायचे. एकदा तर ते स्वतःच्याच गल्लीतलं वाचनालय बंद करायच्या बाजूने उभे राहायला लागले होते. काकूंनी त्यांचा कोट धरून खाली ओढलं. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, काय झालं ते त्यांना कळलं, आणि कान लाल झाले.

तेव्हापासून दोघांचं ठरलं. सभेच्या आधी जिन्यातल्या खिडकीशी थांबायचं, आजचे विषय बघायचे, मास्तरांनी आपलं मत सांगायचं. काकू उभ्या राहिल्या की मास्तर उभे. जिथे मास्तरांचं मत वेगळं असेल तिथे काकूंनी त्यांच्या बाकावर बोट टेकवायचं, म्हणजे उलट करायचं. आजवर एकदाही चूक झाली नव्हती. मास्तर तेवढ्यासाठी काकूंना इतकं मानत, की त्यांच्या दुकानावरून जाताना टोपीला हात लावून जात, दुकान बंद असलं तरी.

आणि मग तो ठराव आला.

तोवर ही महापालिका गटारं, दिवे, बाजारातले ओटे आणि भटकी कुत्री यांच्यावर भांडत आली होती. कुत्र्यांवरून तर दोनदा खुर्च्या उचलल्या गेल्या होत्या. पण वकीलसाहेब म्हणून एक सभासद होते, त्यांनी एक दिवस कागद फडकवून जाहीर केलं की या शहराचा देशाच्या सरकारवर विश्वास उरलेला नाही, असा ठराव आपण करून राजधानीला पाठवू या. समोरच्या बाजूचे पुढारी सिमेंटचे व्यापारी होते. ते ताडकन उठून म्हणाले की आमचा आहे. झालं. शहरात दुसरा विषय उरला नाही.

काकूंना पहिल्यापासून काही उमगेना. रात्री जेवताना त्यांनी यजमानांना विचारलं, "अहो, आपला विश्वास नसला तर सरकारचं काय होतं?"

"काही नाही."

"आणि असला तर?"

"तेव्हाही काही नाही."

"मग मत कशाला घ्यायचं?"

"म्हणूनच घ्यायचं," यजमान म्हणाले आणि पाणी प्यायले. हे उत्तर आपल्याला फार चांगलं सुचलं असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. काकूंच्या मात्र ते डोक्यावरून गेलं.

दुकानात आलेल्यांनी त्यांना आणखी घोळात पाडलं. चावीवाला म्हणाला, विश्वास नाही म्हणा, सगळे चोर आहेत. फोटोवाल्या ताई म्हणाल्या, आहे म्हणा, निदान माहितीतले चोर आहेत. काकूंनी दोघांनाही "हं" केलं.

सभेच्या दिवशी जिन्यातल्या खिडकीशी मास्तर वाट बघत होते. त्यांचं मत कधीचंच ठरलेलं होतं. "सरकार कुठलंही असो," ते म्हणाले, "मी त्याचा शिक्का मारून पोट भरलं. मी काही उठायचा नाही. तुझं काय, पोरी?"

"माझं ठरत नाही, मास्तर," काकू त्यांच्या तोंडासमोर मोठ्यानं म्हणाल्या.

"ठरत नाही तर बसून राहा. तू बस, मी बसतो. आत भाषणं होतील, ऐकून काही वाटलं तर बघ."

काकूंनी मान हलवली. दोघांनी बसायचं, इतकं साधं होतं.

सभागृह खच्चून भरलं होतं. वरच्या गॅलरीत मास्तरांचे जुने पोस्टातले मित्र ओळीनं बसले होते. महापौरबाई पेशानं दातांच्या डॉक्टर, त्यांनी सगळ्यांकडे कुणाचा दात काढावा अशा नजरेनं पाहिलं आणि चर्चा सुरू केली. वकीलसाहेब बोलले. काकूंना ते पटलं. सिमेंटवाले बोलले. तेही पटलं. जो उभा असेल त्याचं खरं वाटायचं, आणि तो खाली बसला की पटलेलं सगळं निघून जायचं. मग काकूंनी सरकारनं आपलं स्वतःचं काय केलं ते आठवून पाहिलं. मुलीची शाळा चांगली झाली होती. दिराची गिरणी बंद पडली होती. पण शाळा याच सरकारनं बांधली की आधीच्या, आणि गिरणी सरकारनं बुडवली की मालकानं, हे काही केल्या त्यांना आठवेना. डोकं गरगरायला लागलं तेव्हा त्यांनी नेहमीचा उपाय केला. पिशवीतून एका कोटाचं अस्तर काढलं, मांडीवर घेतलं आणि टाचण्या लावत बसल्या. त्यानंतरचं एकही भाषण त्यांनी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर ते अस्तर फार सुरेख बसत होतं.

"बाजूचे उभे राहा," महापौरबाई म्हणाल्या. वकीलसाहेबांची बाजू उठली. सचिव पेन्सिल घेऊन निघाले. काकू ठरल्याप्रमाणे बसून होत्या, फक्त अस्तर जरा मागे घ्यावं म्हणून सरकल्या, आणि एक टाचणी मांडीत अशी काही रुतली की त्या "आई गं!" करून उभ्याच राहिल्या.

टाचणी कापडात अडकली होती. ती ओढण्यात दोन क्षण गेले. मान वर करतात तो शेजारी पोस्टमास्तर उभे. ताठ, छाती काढून. बाकावर बोट टेकवायचं काकूंना सुचलं नाही, हातात टाचणी होती. सचिवांची पेन्सिल दोघांवरून फिरली आणि पुढे गेली. घंटा वाजली. ठराव एका मताच्या फरकानं मंजूर झाला.

एकच गलका उडाला. वकीलसाहेबांची माणसं बाकं बडवायला लागली. गॅलरीतले पोस्टातले म्हातारे उठून उभे राहिले होते आणि त्यांची तोंडं उघडीच होती. वकीलसाहेबांनी येऊन काकूंचा हात हातात घेतला. "काय तो आवेश! 'आई गं' म्हणून उठलात! काळजातून आलं हो." काकूंनी दुसऱ्या हातातली टाचणी मुठीत लपवली.

घरी ही हकिकत ऐकून यजमान इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हणजे देशाच्या सरकारला टाचणी लागली म्हण की!" मग काकूंचा चेहरा बघून ते थांबले. "अगं, गप्प बस चार दिवस. लोक विसरतात."

लोक विसरले असतेही. पण मास्तरांचे मित्र विसरले नाहीत. बागेत त्या पोस्टवाल्यांचा एक बाक होता, निवृत्तीपासूनचा. दोन दिवसांनी काकू बाजारातून येताना बघतात तर बाकावर मित्र बसलेले, मास्तरांच्या जागेवर भाजीची पिशवी ठेवलेली, आणि मास्तर समोरच्या बाकावर एकटे. मित्रांशी बोलायला ते मधूनच तोंड उघडत होते. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, आणि तोंडाकडे बघितल्याशिवाय मास्तरांना तर काही कळतच नसे. काकूंना वाटलं, आपल्यामुळे झालं हे, आणि ह्या माणसाला आपण एवढंही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानात आले. काकू पुतळ्यावर कोट चढवून बाही लावत होत्या, ओठांत टाचण्या. मास्तर स्टुलावर बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "पोरी, मला एक सांग. त्या दिवशी शेवटी काय ऐकलंस?"

काकूंचे हात थांबले.

"आपलं बसायचं ठरलं होतं. तरी तू उठलीस. मी म्हटलं, ही उगीच उठायची नाही. मला काही ऐकू येत नाही, हिनं सगळं ऐकलंय. कुणीतरी असं काही बोललं असणार की हिला राहवलं नाही. मग मी कशाला बसू? मित्र विचारतात तू का उठलास. मला सांगता येत नाही. ते काय होतं तेवढं सांग, म्हणजे मी त्यांना सांगेन."

ओठांतल्या टाचण्या काढायला कितीसा वेळ लागतो? काकूंनी त्या काढल्या नाहीत. त्यांनी "हं" केलं.

"बरं, सवडीनं सांग," मास्तर म्हणाले. "नीट आठवून सांग." आणि टोपीला हात लावून गेले.

त्या रात्री काकूंना जेवण गेलं नाही. खरं सांगावं तर मास्तरांची काय शोभा राहणार? एका टाचणीपायी आपण सरकारच्या विरोधात उभे राहिलो! आणि ते मोठ्यानं सांगावं लागणार, कारण हळू सांगितलं तर त्यांना ऐकू जाणार नाही. सभेत दुरुस्ती मागावी तर लोक विचारणार की मास्तर का उभे होते, म्हणजे त्यांच्या कानांची गोष्ट उघडी पडणार. न सांगावं तर तो माणूस त्या बाकावर एकटा बसणार, आणि वर आपली वकिली करत राहणार. यजमान म्हणाले, "सांगून टाक." मग म्हणाले, "नको सांगूस." मग म्हणाले, "मला सकाळची पाळी आहे," आणि कूस बदलली.

पुढच्या सभेत, रीतीप्रमाणे, सचिवांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. "कुणाची दुरुस्ती असल्यास उभं राहून सांगावी," महापौरबाई म्हणाल्या.

आज काकूंनी पिशवी घरी ठेवली होती. बाहीत एकही टाचणी नव्हती. त्या उभ्या राहिल्या.

शेजारी बाक करकरलं. पोस्टमास्तर उभे राहिले होते. विषय काय, कशासाठी, काही माहीत नसताना. तसेच ताठ.

आता खाली बसणं शक्यच नव्हतं. "माझं मत चुकून मोजलं गेलं," त्या म्हणाल्या. "मला टाचणी टोचली होती. म्हणून उठले. ठरावासाठी नव्हते उठले मी."

सभागृह एकदम फुटलं. लोक बाकांवर हात आपटून हसले. सिमेंटवाले उभे राहून ओरडायला लागले की ठराव रद्द करा. वकीलसाहेब म्हणाले की सभासद उभा का राहिला हे नियमात विचारलेलंच नाही, पाठीच्या दुखण्यानं उठला तरी तो उठलाच! सगळं जरा निवल्यावर त्यांनी मास्तरांकडे हात केला. "आणि पोस्टमास्तरांचं काय? त्यांना पण टाचणी टोचली काय?"

मास्तर हसतमुखानं समोर बघत होते.

"मास्तर, तुम्ही का उभे राहिला होतात?" महापौरबाईंनी विचारलं. मग परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हसणारे एकेक करून थांबले. सगळ्यांना कळलं. मास्तरांना एवढंच कळलं की सगळे आपल्याकडे बघताहेत. ते काकूंकडे वळले. "काय झालं, पोरी? बरोबर केलं ना आपण?"

काकू त्यांच्या तोंडासमोर गेल्या. आता हळू बोलण्यात अर्थ नव्हता. "मास्तर, मी काहीच ऐकलं नव्हतं!" त्या ओरडल्या. "शिवत बसले होते! टाचणी टोचली! टाचणी!"

मास्तरांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं. परत एकदा पाहिलं, आपण चुकीचं वाचलं की काय म्हणून. मग सभागृहाकडे तोंड करून, बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात ते म्हणाले, "मला ऐकू येत नाही. हिला येतं असं मला वाटलं होतं."

आणि ते खाली बसले. काकूंच्या आधी ते कधी बसले नव्हते. काकू उभ्याच राहिल्या. तिथेच जमीन दुभंगावी असं त्यांना झालं.

ठरावाचं काय करायचं हे कुणालाच ठरवता येईना. तो राजधानीला जाऊन पोचला होता आणि तिकडून पोच सुद्धा आली नव्हती. सचिवांनी नियमांचं पुस्तक उलटसुलट चाळलं, त्यात टाचणीबद्दल काही सापडलं नाही. शेवटी महापौरबाईंनी तो विषय राखून ठेवला. त्या शहराचा सरकारवर विश्वास आहे की नाही, हे आजही राखूनच ठेवलेलं आहे.

"पुढचा विषय," महापौरबाई म्हणाल्या आणि घाईघाईनं काहीतरी वाचलं. "बाजूचे उभे राहा."

अर्धं सभागृह उठलं. मधल्या गोंधळात खाली बसलेल्या काकूही सवयीनं उठल्या. मास्तर उठले नाहीत. त्यांनी काकूंकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "टाचणी, की मत?"

कुणी हसलं नाही. काकूंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की विषय काय होता ते आपल्याला माहीतच नाही. आजही आपण काही ऐकलेलं नाही. त्या मटकन खाली बसल्या, मग हात वर करून म्हणाल्या, "बाई, विषय परत वाचा. मोठ्यानं वाचा. आम्हाला दोघांनाही ऐकू आला नाही."

महापौरबाईंनी माइक बाजूला सारला. आपल्या दवाखान्यात "मोठा आ करा" म्हणतात तेवढ्या आवाजात त्यांनी वाचलं: पोस्टाच्या मागच्या गल्लीतला बंद पडलेला दिवा बदलणे. मास्तर कानामागे हात धरून, पुढे वाकून ऐकत होते. "परत!" ते म्हणाले. महापौरबाईंनी परत वाचलं.

मास्तरांना तो दिवा माहीत होता. ते उठले, या वेळी स्वतःहून, सगळ्यांच्या आधी. काकूंनी मांडीखाली काही नाही ना हे हातानं चाचपून पाहिलं, आणि मग त्याही उभ्या राहिल्या.